पाठीवरचे बिऱ्हाड आणि प्रकृती

वार्षिक परीक्षा आटोपल्या की, आणि पुन्हा दिवाळीनंतर, दवाखान्यात एक वेगळाच वर्ग दिसू लागतो. ही मंडळी आजारी नसतात. कुणाला हिमालयातील ट्रेकसाठी तंदुरुस्तीचा दाखला हवा असतो, कुणी निवृत्तीनंतर नर्मदा परिक्रमेला निघालेले असतात, तर कुणी पाठीवर सॅक टाकून महिनाभर मिळेल त्या गाडीने हिंडणार असतो. सगळ्यांचा प्रश्न मात्र एकच असतो, "डॉक्टर, बरोबर औषधं कोणती घेऊ?"

औषधांची यादी मी देतोच. पण त्याआधी दोन प्रश्न विचारतो. कसे जाणार, आणि किती दिवसांत जाणार? प्रवासातील बहुतेक दुखण्यांचे मूळ या दोन उत्तरांत असते. खिशात पैसे कमी आहेत म्हणून फारसे कुणी आजारी पडत नाही. दिवस कमी आणि ठिकाणे जास्त, असा हिशेब मांडणारे मात्र हटकून पडतात.

सहल कंपनीच्या बसमधून जाणाऱ्याला एक सोय नसते. ताप आला म्हणून बस त्याच्यासाठी दोन दिवस थांबत नाही. स्वतःच्या मनाने, स्वतःच्या खर्चाने फिरणाऱ्याला ती सोय असते. तो थांबू शकतो, बेत बदलू शकतो, मागे फिरू शकतो. आरोग्याच्या दृष्टीने स्वतंत्र प्रवासाचा हाच सर्वांत मोठा फायदा आहे. त्याचा उपयोग कसा करावा, हे आज पाहू.

ही रीत जुनीच

थोड्या पैशांत, पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणे ही काही नवी टूम नव्हे. वारकरी शतकानुशतके पंढरीला पायी जात आहेत. वरसईचे गोडसे भटजी १८५७ च्या धामधुमीत पायीच उत्तरेकडे गेले आणि त्यांचे 'माझा प्रवास' हे पुस्तक पुढे १९०७ साली छापले गेले. गाडगेबाबांनी नाशिक, आळंदी, पंढरपूर येथे धर्मशाळा उभारल्या, त्याही गरीब यात्रेकरूंची आबाळ होऊ नये म्हणूनच.

युरोपात रिचर्ड शिर्मान हा जर्मन शाळामास्तर १९०९ साली मुलांना घेऊन पायी हिंडत असताना वादळात सापडला. त्या सर्वांना एका शाळेच्या इमारतीत रात्र काढावी लागली. सुटीत शाळा रिकाम्याच असतात, तर फिरणाऱ्या मुलांना तिथे स्वस्तात का राहता येऊ नये, असे त्याच्या मनात आले. त्यातूनच १९१२ साली आल्टेना येथील किल्ल्यात पहिले कायमचे युथ हॉस्टेल निघाले. कारखान्यांच्या धुरात वाढणाऱ्या शहरी मुलांना मोकळी हवा मिळावी, हा त्यामागचा हेतू होता. म्हणजे स्वस्त प्रवास आणि आरोग्य यांचे नाते तेव्हापासूनचे आहे. पुढे टोनी आणि मॉरीन व्हीलर हे जोडपे लंडनहून जमिनीच्या मार्गाने आशिया ओलांडून ऑस्ट्रेलियाला पोहोचले. त्यांनी १९७३ साली काढलेल्या लहानशा पुस्तिकेतून 'लोनली प्लॅनेट' ही प्रवासमार्गदर्शकांची मालिका जन्मली.

जसा प्रवास, तसे दुखणे

पायी जाणाऱ्यांचे पहिले दुखणे पायाचेच. आळंदी ते पंढरपूर ही वाट अडीचशे किलोमीटरच्या आसपासची, तर नर्मदेची परिक्रमा अडीच हजारांहून अधिक किलोमीटरची. परंपरेने तिला तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस लागतात. जुन्या लोकांनी चार महिने एका जागी राहण्याचा चातुर्मासाचा नियम तिथेही ठेवला आहे, त्यामागे शहाणपण आहे. पायाला फोड येतात ते घाम आणि घर्षण यांमुळे. नवे कोरे बूट घालून कधीही लांब चालायला निघू नये. महिनाभर आधी ते घालून रोज चालावे. टाचेला नुसती चुरचुर जाणवली तरी लगेच थांबून तिथे चिकटपट्टी लावावी. 'पुढच्या गावी बघू' म्हटले की पुढच्या गावापर्यंत फोड होतो. फोड लहान असेल तर फोडू नये, वरची कातडी हेच त्याचे उत्तम ड्रेसिंग. रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून मगच झोपावे.

काही जण श्रद्धेने अनवाणी चालतात. इतरांबद्दल मी काही म्हणत नाही, पण मधुमेह असणाऱ्याने ते करू नये. त्याच्या तळव्याची संवेदना कमी झालेली असू शकते. काटा रुततो आणि त्याला कळतही नाही. चार दिवसांनी पाय सुजला की कळते, आणि तोवर जखम चिघळलेली असते.

एस.टी. आणि रेल्वेने फिरणाऱ्यांचे दुखणे वेगळे. आपल्या एस.टी.ची 'आवडेल तेथे कोठेही प्रवास' ही चार आणि सात दिवसांच्या पासाची योजना अनेकांना ठाऊक आहे. पास घेतला की तो पुरता वसूल करावा, असे वाटणे साहजिक आहे. मग दिवसभर दर्शने आणि रात्रभर गाडी, म्हणजे खोलीचे भाडेही वाचले, असा बेत ठरतो. एक रात्र गाडीत काढली तर बिघडत नाही. सलग दोन-तीन रात्री मात्र काढू नयेत. अपुऱ्या झोपेने शरीराची प्रतिकारशक्ती कमी होते, चिडचिड वाढते आणि साध्या पायऱ्या उतरतानाही पाय घसरतो. चार तासांहून अधिक वेळ एका जागी पाय लोंबकळत बसल्यास पायांना सूज येते. क्वचित पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळीही होते. म्हणून गाडी थांबेल तिथे उतरून चार पावले चालावे आणि बसल्या जागी घोटे वरखाली हलवत राहावे. एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली तर डॉक्टरांना दाखवावे. घाटात गाडी लागत असेल तर पुढच्या बाजूला बसून दूरवर नजर ठेवावी. उलटी न होण्याची गोळी गाडीत बसण्यापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी. त्या गोळीने झोप येते, म्हणून स्वतः वाहन चालवणाऱ्याने ती घेऊ नये.

सायकलस्वारांच्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचे बोट बधिर होते, कारण हँडलवर तळवा सतत दाबला जातो. पकड बदलत राहणे आणि जाड हातमोजे वापरणे हा त्यावर उपाय. सायकलमागे कुत्री लागतात. चावा, नव्हे नुसता ओरखडा जरी झाला तरी ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. सहल संपेपर्यंत थांबू नये. रेबीज झाल्यावर त्यावर उपाय नाही, होण्याआधी मात्र हमखास आहे. पुढचे डोस वाटेत दुसऱ्या गावी घेता येतात. फक्त केसपेपर जपून ठेवावा.

मोटारसायकलवाल्यांना एवढेच सांगतो, की हेल्मेटचा पट्टा आवळा, दर दोन तासांनी उतरा आणि अंधार पडण्याआधी मुक्काम गाठा.

सॅकचे वजन

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' असे आपण म्हणतो. विंचवाची पाठ त्यासाठी घडलेली असते, आपली नाही. भरलेल्या सॅकचे वजन स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त असू नये. ज्यांना सवय नाही त्यांनी दहाव्या हिश्श्याजवळच राहावे. म्हणजे साठ किलोच्या माणसाने फार तर दहा-बारा किलो. निघण्यापूर्वी सॅक रद्दीवाल्याच्या काट्यावर टाकून बघा, बहुतेकांना धक्का बसतो. जड वस्तू पाठीला चिकटून, मधल्या उंचीवर भराव्यात. कमरेचा पट्टा शोभेचा नसतो. तो नीट आवळला की बराचसा भार खांद्यांवरून कमरेच्या हाडांवर येतो आणि मान व खांदे मोकळे राहतात. एका खांद्यावर सॅक अडकवून मिरवणाऱ्यांची पाठ चौथ्या दिवशी धरते.

पाणी आणि पोट

स्वस्त प्रवासात सर्वांत जास्त त्रास पोटाचा होतो. त्याचे खापर बहुतेक वेळा रस्त्यावरच्या खाण्यावर फोडले जाते. पण डोळ्यांदेखत कढईतून निघालेली गरम भजी ही हॉटेलात सकाळपासून झाकून ठेवलेल्या भाजीपेक्षा सुरक्षित असतात. गरम आणि ताजे खावे, सोललेले फळ घेण्याऐवजी स्वतः सोलून खावे, उघड्यावरची चटणी, बर्फ आणि चिरलेली काकडी टाळावी. घरून निघताना दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ-दाणे घेतले तर पहिले दोन दिवस निर्धास्त जातात. गुरुद्वाऱ्यातील लंगर आणि मोठ्या देवस्थानांची अन्नछत्रे इथे गरम जेवण मिळते आणि खर्चही वाचतो.

पाण्याबाबत मात्र तडजोड नको. खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट उकळलेले पाणी पिण्यास योग्य होते. २,००० मीटरहून उंच ठिकाणी तीन मिनिटे उकळावे, कारण तिथे पाणी कमी तापमानालाच उकळते. उकळण्याची सोय नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या किंवा थेंब वापरावेत. ते टाकल्यावर अर्धा तास थांबावे लागते, आणि लोक नेमके तेवढेच विसरतात. गढूळ पाणी आधी फडक्याने गाळून घ्यावे. किल्ल्यावरच्या टाक्यांतील पाणी कितीही नितळ दिसले तरी तसेच पिऊ नये. कावीळ आणि विषमज्वर यांचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांनी टायफॉइड, हिपॅटायटिस-ए आणि धनुर्वात यांच्या लसींबद्दल महिनाभर आधी डॉक्टरांशी बोलावे. आदल्या दिवशी घेतलेल्या लसीचा त्या प्रवासात भरवसा धरता येत नाही.

जुलाब लागलेच, तर पहिले औषध म्हणजे जलसंजीवनी. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाइन संपत आले. त्या वेळी डॉ. दिलीप महालनबिस यांनी साखर-मिठाचे द्रावण पाजून असंख्य जीव वाचवले. तीच ही पुडी, आजही अगदी स्वस्त. पुडी एक लिटर पाण्याची आहे की ग्लासभर पाण्याची, हे वाचूनच विरघळवावी. अर्धी पुडी अंदाजाने टाकू नये. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ टाकावे. जुलाब थांबवण्याच्या गोळीचा मोह होतो, कारण पुढची गाडी पकडायची असते. पण ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर ती गोळी घेऊ नये. अशा वेळी त्या गावी थांबणे आणि डॉक्टर गाठणे हाच उपाय. गाडी दुसऱ्या दिवशीही असते.

उंचीचे गणित

आता सर्वांत महत्त्वाचे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, आणि त्याहून उंच जागा महाराष्ट्रात नाही. लेह शहर सुमारे ३,५०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंचावर आहे. सह्याद्रीत कितीही गड पालथे घातले असले, तरी त्या सरावाचा विरळ हवेशी संबंध नाही. तंदुरुस्त माणसाला उंचीचा त्रास होत नाही, हा मोठा गैरसमज आहे. उलट तंदुरुस्त तरुण भराभर वर चढतो आणि आधी अडकतो. १९६२ च्या युद्धाच्या सुमारास सखल प्रदेशातील सैनिकांना एकदम उंच सीमेवर न्यावे लागले. त्यांच्यापैकी १,९२५ आजारी सैनिकांचा अभ्यास लष्करातील डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली प्रसिद्ध केला. जगभर तो आजही आधारभूत मानला जातो. हे सैनिक काही अशक्त नव्हते.

काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातील तिघे मित्र स्वस्तात विमानाचे तिकीट मिळाले म्हणून थेट लेहला उतरले. त्यांच्यातील सर्वांत धडधाकट, रोज तालमीत जाणारा मुलगा पहिल्या रात्रीपासून डोके धरून होता. त्याला जेवण गेले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पँगाँग सरोवराची वाटणीतली गाडी ठरलेली होती आणि पैसे परत मिळणार नव्हते. एवढे पैसे बुडवायचे कसे, म्हणून तो डोकेदुखीची गोळी घेऊन निघाला. पँगाँग सुमारे ४,२५० मीटरवर आहे. तिथे तंबूत रात्री त्याला खोकला सुरू झाला, पडल्या पडल्या धाप लागू लागली आणि पहाटे ओठ निळे पडले. तिथून लेहला परतायचे तर वाटेत ५,३०० मीटरहून उंच चांग ला ही खिंड ओलांडावी लागते. म्हणजे सुटकेची वाटही आधी आणखी वर चढते. वाटेतल्या आरोग्य केंद्रात ऑक्सिजन मिळाला, त्यामुळे तो लेहच्या रुग्णालयापर्यंत पोहोचला. फुफ्फुसात पाणी झाले होते. आठवड्याने तो कागदपत्रे घेऊन माझ्याकडे आला तेव्हा त्याचे आईवडील बरोबर होते. आई काहीच बोलत नव्हती, नुसती मुलाच्या दंडाला धरून बसली होती. गाडीतल्या त्याच्या जागेचे भाडे किती होते, हे मी विचारले. रक्कम ऐकून वडिलांनी मान खाली घातली.

म्हणून नियम सांगतो. विमानाने लेहला उतरल्यास पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. जिनेसुद्धा सावकाश चढावेत. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या दिवशीच्या मुक्कामापेक्षा ५०० मीटरहून अधिक उंचीवर नसावा, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच जागी थांबावे. डोके दुखणे, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, झोप न लागणे ही लक्षणे दिसली की दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास समजावा आणि तिथून वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागली, खोकल्यातून फेस आला, किंवा माणूस झिंगल्यासारखा चालू लागला, तर रात्र असो वा पाऊस, त्याला तातडीने खाली न्यावे. जमिनीवर एक रेघ ओढून टाचेला पंजा लावत त्यावरून चालायला सांगावे. ते जमले नाही तर मेंदूला सूज येत आहे असे समजावे. ऑक्सिजन आणि औषधे मदत करतात, पण खरा उपचार म्हणजे खाली उतरणे.

ॲसिटॅझोलामाइड नावाची गोळी उपयोगी पडते, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर निघण्याआधीच सांगावे. गोळी घेतली म्हणजे भराभर चढण्याचा परवाना मिळाला असे नव्हे. दारू आणि झोपेच्या गोळ्या तिथे वर्ज्य.

इथे काटकसर आणि प्रकृती यांचे छान जमते. लेहला श्रीनगरहून रस्त्याने गेल्यास विमानापेक्षा खर्च कमी येतो आणि वाटेत कारगिलला, सुमारे २,७०० मीटरवर, मुक्काम होतो. शरीराला सवयीसाठी एक रात्र मिळते. मनालीकडून जाताना मात्र सरचू येथे ४,२०० मीटरहून अधिक उंचीवर झोपण्यापेक्षा खाली केलांग किंवा जिस्पा येथे थांबणे बरे. आपल्याकडून चारधामला जाणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे, की गौरीकुंड सुमारे १,९८० मीटरवर आणि केदारनाथ सुमारे ३,५८० मीटरवर आहे. एका दिवसात एवढे चढून वरच रात्र काढणे साठीतल्या माणसाला जड जाऊ शकते. गौरीकुंडाच्या परिसरात एक रात्र थांबून मग निघावे.

मुक्कामाची जागा

धर्मशाळा, युथ हॉस्टेल, देवळाची ओसरी किंवा शाळेचा व्हरांडा, झोपायला काहीच वाईट नाही. अडचण असते ती अंथरुणाची. अनेकांनी वापरलेल्या घोंगड्यांतून खरूज आणि ढेकूण घरी येतात. एक सुती चादर दुमडून दोन बाजूंनी पिशवीसारखी शिवून घ्यावी आणि तीत शिरून झोपावे. वजन नगण्य, खर्च शिंप्याच्या शिलाईचा. डासांसाठी हलकी मच्छरदाणी किंवा अंगाला लावायचे मलम बरोबर असावे. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, हेही विसरू नये.

थंड प्रदेशात बंद खोलीत शेगडी पेटवून कधीही झोपू नये. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. माणूस झोपेतच दगावतो.

सह्याद्रीत आणि कोकणात सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालू नये. विंचू आत बसलेला असतो. लाल विंचू चावल्यावर खूप घाम सुटला, हातपाय गार पडले, उलट्या झाल्या तर वेदना कमी असली तरी धोका मोठा असतो. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन हे औषध या दंशावर वापरून दाखवले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. साप चावल्यास कापू नये, चोखू नये, दोरी आवळू नये. अवयव न हलवता रुग्णाला थेट ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालणारी लस तिथे मिळते. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि देशात कुठेही संकटसमयी ११२ हे क्रमांक पाठ असावेत.

स्त्रियांसाठी दोन शब्द

वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून पाणीच पिऊ नये, असे आपल्या आयाबहिणी करतात. त्यातून लघवीची जळजळ, ताप आणि कंबरदुखी सुरू होते. पाणी कमी करू नये; बेत असा आखावा, की तीन-चार तासांनी पेट्रोल पंप, मोठे बसस्थानक किंवा रेल्वे स्थानक येईल. हल्ली मुली एकट्याही हिंडतात, हे चांगलेच आहे. आजचा मुक्काम कुठे आहे, हे रोज ठरलेल्या वेळी घरी कळवण्याची सवय मात्र मुलामुलींनी दोघांनीही ठेवावी. माणूस आजारी पडला तर शोधायचे कुठे, हे त्यामुळे कळते.

औषधांचा डबा

रक्तदाब, मधुमेह, दमा यांची रोजची औषधे प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त घ्यावीत आणि दोन ठिकाणी विभागून ठेवावीत. सॅक चोरीला गेली तरी निम्मी खिशात राहतात. इन्सुलिन उन्हात तापू देऊ नये आणि बर्फात गोठूही देऊ नये. औषधांची चिठ्ठी बरोबर असावी. जनऔषधी दुकानात त्याच औषधाचा स्वस्त पर्याय मिळू शकतो.

बाकी डबा लहान असावा. पॅरासिटामॉल, जलसंजीवनीच्या पाच-सहा पुड्या, पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या, चिकटपट्टी, गॉझ, जंतुनाशक मलम, उलटीची आणि ॲलर्जीची गोळी, एक क्रेप बँडेज, चिमटा आणि थर्मामीटर एवढे पुरते. तापाला पॅरासिटामॉलच घ्यावी. ताप डेंग्यूचा असेल तर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांनी रक्तस्राव वाढू शकतो. अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने घेऊ नये.

आणि परत आल्यावर ताप आला तर 'मी अमुक ठिकाणी जाऊन आलो' हे डॉक्टरांना न विचारता सांगावे. मलेरिया कधी कधी काही आठवड्यांनी, महिन्यांनीसुद्धा डोके वर काढतो. रुग्ण प्रवासाचे बोलला नाही, तर डॉक्टरांच्या मनात ती शंका उशिरा येते.

कुठे वाचवावे, कुठे नाही

खोलीच्या भाड्यात वाचवा. वातानुकूलित डब्याऐवजी स्लीपरने जा. लंगरात जेवा, एस.टी.चा पास काढा, महागडे बूट घेण्याऐवजी जुने, मुरलेले बूट वापरा. यातील कशानेही प्रकृती बिघडत नाही. पाणी, झोप आणि दिवस या तीन गोष्टींत मात्र काटकसर करू नका.

त्यातही दिवस सर्वांत मोलाचे. प्रवासाचा आराखडा कराल तेव्हा दर पाच दिवसांमागे एक दिवस मोकळा सोडा. त्या दिवशी कुठले दर्शन नको, कुठले तिकीट नको. प्रकृती उत्तम राहिली तर तो दिवस नदीकाठी बसून, कपडे धुऊन, चार माणसांशी बोलून घालवा. नाही राहिली, तर थांबायला हक्काचा दिवस हाताशी आहे. आणि निघण्यापूर्वी सोबत्यांमध्ये एक गोष्ट स्पष्ट बोलून घ्या. कुणा एकाला बरे वाटेनासे झाले तर सगळे थांबायचे, आगाऊ भरलेले पैसे बुडाले तर ते सगळ्यांनी वाटून सोसायचे. ही बोलणी घरी बसून होतात तेव्हा सोपी असतात. डोंगरावर, गाडी हॉर्न वाजवत उभी असताना, ती होत नाहीत.